जयपुरात मी धापूबाईची बहीण

जयपुराहून आल्यापासून आमच्या गल्लीत मला तोंड दाखवायची चोरी झाली आहे. जो तो विचारतो, हवामहल कसा आहे हो? मी म्हणते, असेल बरा. मग विचारतात, आमेरच्या किल्ल्यात भिंतीला आरसे आहेत म्हणे? असतील बाई, माझं काय जातंय. बायका एकमेकींकडे बघतात आणि मी ऐकावं इतक्या हळू म्हणतात, मग ही गेली होती कशाला? तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे रोज घसा फोडायला नको. मी जयपुरात एक माकड पाहिलं, एक सरकारी दवाखाना पाहिला आणि एक डोळा पाहिला. तिकीट मात्र पूर्ण पडलं.

घशाचं आधीच सांगून ठेवते. आमचं गाव इचलकरंजी. माझ्या शिवणक्लासच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत आणि ते दिवसभर खटाखट बोलत असतात. त्यांच्यावरून बोलायचं म्हणजे आवाज लागतो. हळू बोलणाऱ्याला आमच्यात आजारी समजतात. देवानं मला उंची देताना हात आखडला, पण आवाज देताना माप विसरला. कापड कापायच्या टेबलाशी मी पाटावर उभी राहते, आणि माझी हाक मात्र चौकातल्या पानवाल्यापर्यंत जाते.

मानसरोवर

माझी धाकटी बहीण नंदा जयपुरात असते. तिचे मिस्टर, विलासराव, रेल्वेत आहेत. बदलीवर आले आणि मानसरोवरात भाड्यानं घर घेऊन चांगले रुजले. मुलगी ऋतू तिथंच वाढली. ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, मतलब तू नेहमीच इतकं जोरात बोलतेस?" मी म्हटलं, नाही गं, आत्ता तर मी दमून आलेय.

विलासरावांनी माझ्यासाठी वेळापत्रक केलं होतं. रेल्वेचा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? सोमवारी गलता, मंगळवारी सिटी पॅलेस, बुधवारी आमेर, आणि गुरुवारी दुपारच्या गाडीला जाताना हवामहल, समोरून, रिक्षातूनच. ज्या खात्याच्या गाड्या वेळेवर येत नाहीत त्या खात्यातला माणूस घरी मिनिटांवर जगतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. चहासुद्धा ते सुटायच्या वेळेला पितात.

जेवणाचं म्हणाल तर पहिल्या रात्री नंदानं पिठलं-भाकरी केली. मी जयपुरात कशाला आले असेन, असं हिला वाटलं असेल? दुसऱ्या दिवशी हट्टानं दाल-बाटी खाल्ली. बाटी म्हणजे मुठीएवढा कणकेचा गोळा, निखाऱ्यात भाजायचा आणि तुपात बुडवायचा. आपण पोळीला तूप लावतो, हे लोक तुपाला पोळी लावतात. खाल्ल्यावर मी दुपारभर आडवी होते. पण लबाडी का करू, चव अजून जिभेवर आहे.

गलता

गलता म्हणजे डोंगराच्या कुशीतली देवळं आणि पाण्याची कुंडं. सुंदर जागा असावी. मी ती पाठ फिरवून पळताना पाहिली. तिथं माकडं फार. खायचं काही हातात ठेवू नका, असं विलासरावांनी बजावलं होतं. पण मराठी बाई चिवड्याची पिशवी घेतल्याशिवाय घराबाहेर पडली आहे का कधी? एक थोराड माकड आलं, त्यानं पिशवी धरली, मीही धरली. शहाणी बाई सोडून देते. मी म्हटलं, माझ्या हातचा चिवडा आहे, आणि ओढली. माकडानं मनगटावर ओरखडा काढून चिवडा नेला. पायरीवर बसून त्यानं त्यातले शेंगदाणे तेवढे निवडून खाल्ले आणि पोहे टाकून दिले, हे मला जास्त लागलं.

विलासरावांचा चेहरा वेळापत्रक कोसळल्यासारखा झाला. त्यांनी मला तडक सरकारी दवाखान्यात नेलं, सुईच्या रांगेत उभं केलं, आणि ड्युटी होती म्हणून निघून गेले. सुई झाली. गुरुवारी दुसरी घ्यायला या, असं सांगितलं. दंड चोळत बाहेर पडते तर माझा पदर मागून कुणीतरी ओढला. मला वाटलं, इथंही माकड.

वळून बघते तर एक बाई. घागरा, आणि वर लाल ओढणीचा घूंघट पार छातीपर्यंत. चेहरा दिसतच नव्हता. हातात एक गाठोडं. ती म्हणाली, डोळ्याची खिडकी कुठं आहे? मला काय ठाऊक? मी त्या गावात परवा आलेली. पण ज्याला रस्ता माहीत नाही त्यानं रस्ता दाखवायचा हा आपल्याकडचा रिवाज, म्हणून मी तिचा हात धरला आणि विचारत विचारत नेलं.

खिडकी

खिडकीमागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "साथ में कौन है?"

बाईनं सांगितलं, कोणी नाही. गावात डोळ्यांचं शिबिर झालं, तिथं तिला निवडलं. गावच्या जीपनं सगळ्यांना आणून सोडलं. बाकीच्यांची माणसं बरोबर होती. हिचा मुलगा सुरतेहून परस्पर इथं यायचा होता, त्याला मालकानं सोडलं नाही. उजवा डोळा कधीच गेला होता. कुठल्याशा वैद्यानं त्यात काहीतरी पिळलं होतं. आता डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळत होतं.

खिडकी म्हणाली, साथवाला नसेल तर ऑपरेशन नाही. मंगळवारी तपासण्या, बुधवारी ऑपरेशन, गुरुवारी पट्टी काढायची. तिन्ही दिवस जवळ माणूस पाहिजे. नाहीतर पुढच्या शिबिरात या. पुढचं शिबिर कधी? ते गावात कळेल.

मागची रांग फार हळहळली. एक जण म्हणाला, अम्मा, किसी को साथ लाना चाहिए था. दुसरा म्हणाला, आजकाल की औलाद ऐसी ही है. एक बाई तर डोळे पुसायला लागली. सल्ला भरपूर होता, जागचं कुणी हललं नाही. मीही नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात तेव्हा सिटी पॅलेस होता. पण त्या खिडकीवाल्यानं काय केलं, घूंघटावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, आप हटिए, पीछे लाइन है. मला 'हटिए'! दया-बिया काही नाही हो, मला राग आला.

"मैं हूँ इसके साथ!" मी म्हटलं.

हॉलमधली सगळी डोकी वळली. दूर कुठंतरी बाळ रडायला लागलं.

त्यानं विचारलं, आप इनकी कौन? मी म्हटलं, बहन. त्यानं तिच्या घागऱ्याकडे पाहिलं, माझ्या इचलकरंजी साडीकडे पाहिलं, आणि विचारलं, सगी? मी म्हटलं, तो क्या भाड़े से लायी? मग त्यानं शांतपणे विचारलं, बहन का नाम? आता आली का पंचाईत! मी घूंघटापाशी वाकून मराठीतच म्हटलं, ए बाई, नाव काय गं तुझं? आतून आवाज आला, धापू. खिडकीवाल्याचे ओठ हलले, पण त्यानं नाव घातलं. सरकारी माणूस कधी कधी माणसासारखा वागतो, ते असं एकदम आणि कारण न सांगता.

धापू म्हणजे काय, ते मला नंतर नर्सनं सांगितलं. धापणं म्हणजे पोट भरणं. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव धापू ठेवतात, म्हणजे देवानं समजावं, आता पुरे. माझ्या सख्ख्या मावशीचं नाव नकुसा होतं. एवढ्या लांब येऊन परका मुलूख पाहायचा म्हणत होते, तर तोही आपलाच निघाला.

मंगळवार

रात्री घरी शिव्या खाल्ल्या. नंदा म्हणाली, अख्ख्या जयपुरात तूच सापडलीस का तिला? या लोकांचं असंच असतं अक्का, बोट दिलं की हात धरतात.  विलासरावांनी कागद काढून सिटी पॅलेसवर काट मारली. त्या काटेचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मंगळवारी मी रक्त, साखर, लघवी आणि रक्तदाब या चार खिडक्यांचं दर्शन घेतलं. प्रत्येक ठिकाणी तेच, साथ में कौन है? आणि प्रत्येक ठिकाणी मी बहीण. दुपारपर्यंत मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं आणि धापूबाईवर मी हक्कानं खेकसायला लागले. ए अम्मा, इधर हाथ दो, अम्मा, सीधी बैठो. तिचं सगळं कसं सावकाश. ती चालताना माझ्या कोपराला धरायची आणि म्हणायची, तू है तो भीड़ हट जाती है. मला बरं वाटलं. आपल्या आवाजाचा जगाला पहिल्यांदाच काही उपयोग होत होता.

तिनं गाठोडं सोडून बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी काढली. मी म्हटलं, आम्ही कोल्हापूरकडचे, तिखटाचं आम्हाला सांगू नको. एक घास घेतला. मग मी नळावर गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले. परत आले तर घूंघटाच्या आत हसू चाललं होतं.

बुधवार

ऑपरेशनआधी डोळ्यात थेंब घालावे लागतात. थोड्या थोड्या वेळानं, बाहुली मोठी होईपर्यंत. नर्स आली आणि म्हणाली, घूंघट हटाओ. धापूबाई हलेना. नर्स दुसऱ्यांदा म्हणाली, तिसऱ्यांदा ओरडली. धापूबाईनं ओढणी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

कारण समोरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. तो तिच्या सासरच्या गावचा, नवऱ्याहून वडील. गावाच्या नात्यानं जेठ, म्हणजे आपला थोरला दीर. त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही. सगळं आयुष्य उघडलं नव्हतं, आज डोळ्यासाठी कसं उघडेल?

मी त्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. त्याचे दोन्ही डोळे दुधाळ झालेले. त्याला समोर हत्ती बांधला असता तरी कळलं नसतं. मी धापूबाईला म्हटलं, अगं, त्याला दिसत नाही! ती म्हणाली, "उसको नहीं दिखता. मुझे तो पता है वो बैठा है."

तिला तरी तो कुठं दिसत होता? खोकल्यावरून ओळखला होता तिनं. न दिसणाऱ्या माणसापासून न दिसणारी बाई तोंड लपवत होती आणि तेवढ्यापायी उरलेला एक डोळा घालवायला निघाली होती. मला हसावं की तिला एक ठेवून द्यावी, कळेना. नर्स म्हणाली, इसका नंबर काटो, अगले कैंप में आएगी. म्हाताऱ्याला उठवावं तर पाय सुजलेले, आणि बाक सोडला तर जागा जाईल म्हणून तो बाकाला चिकटलेला.

लहानपणी आजोबा ओसरीवर आले की आमच्या आईचा पदर डोक्यावर जायचा. पण एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं भाजी, असं ते चालायचं. कुणाचा डोळा गेला नाही त्यात. तरी त्या बायकांना कुणी सांगितलं असतं की आज पदर काढ, तर त्यांनीही काढला नसता, हे मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. शहाणपणा सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

मग मी पदर सोडला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि धापूबाईकडे पाठ करून, म्हाताऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. मी ठेंगणी, पदर पुरेना. शेवटी बाकाशेजारच्या स्टुलावर चढले. नर्सला म्हटलं, अब डालो. पाठीमागे ओढणीची सळसळ ऐकू आली. थेंब पडला. थोड्या वेळानं परत नर्स, परत स्टूल, परत पदर. सकाळभर माझं हेच चाललं होतं. जाणारे-येणारे बघत होते. क्लासमधल्या पोरींनी पाहिलं असतं तर वर्षभर हसल्या असत्या. म्हातारा मधेच म्हणाला, कौन खड़ा है? मी म्हटलं, दीवार. तो बरं म्हणाला.

तिला आत नेलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं होतं, नेमकं माकडानं ओरबाडलेलं. दारापाशी तिची बोटं सोडवावी लागली. आतापर्यंत मी चिडून, वैतागून, मिरवत सगळं केलं होतं. दार लागल्यावर मात्र मला भीती वाटली. आत काही बिघडलं तर या बाईला काळोखच. आणि बाहेर सांगायचं कुणाला, तर मला. मी कोण तिची?

ती बाहेर आली ती डोळ्यावर पट्टी आणि वर पुन्हा घूंघट घेऊनच. सहा नंबरचा पलंग मिळाला. मी सकाळपासून उपाशी होते, पण तिनं उठू नये, खोकू नये, डोळा चोळू नये म्हणून जवळ बसायचं होतं. तेवढ्यात वॉर्डात गुलबक्षी साड्यांची एक रांग शिरली. केळ्यांच्या टोपल्या, एक कापडी फलक आणि फोटोवाला. कुठल्याशा महिला मंडळाचा सेवा सप्ताह होता. पलंगापलंगाशी थांबून त्या एक केळं द्यायच्या, आणि त्या केळ्याला सगळ्या हात लावायच्या, म्हणजे फोटोत कुणी सुटायला नको. एका केळ्यामागं एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती.

सहा नंबरला आल्या. फोटोवाला म्हणाला, अम्मा, चेहरा दिखाइए. अम्मानं ऐकलं नाही. आणि केळ्याला हात लावलेल्या बायकांत तिसरी आमची नंदा.

तिनं मला पाहिलं, मी तिला. ती ओळख दाखवेना. मग मीही परक्यासारखं सगळ्यांना विचारलं, बाई, मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही, तुमच्यातलं कुणी अर्धा तास इथं बसेल का? नुसतं बसायचं आहे. सगळ्यांनी एकदम घड्याळं बघितली. एक म्हणाली, आंटी, हमें अभी दो वार्ड और करने हैं. नंदा टोपलीतली केळी मोजत असल्यासारखी खाली बघत राहिली. गेल्या सगळ्या.

केळं मी सोलून खाल्लं. सेवा वाया जाऊ नये.

थोड्या वेळानं चपलांचा आवाज आला. नंदा एकटी, गुलबक्षी साडीतच. टोपली नव्हती. तिनं स्टूल ओढलं, बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा अक्का, काहीतरी खाऊन ये. मी आहे."

मी बाहेर जाऊन कांद्याची कचोरी खाल्ली. परत आले तर धापूबाई नंदाला सांगत होती, तुम्हारी बहन बहुत बड़ी है. नंदा म्हणाली, हाँ, मुझसे चार साल. धापूबाई म्हणाली, नहीं, बड़ी. लंबी-चौड़ी. आवाज से पता चलता है. नंदानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मी खूण केली, गप्प बस.

गुरुवार

विलासरावांनी सकाळीच बजावलं, सुई, मग पट्टी, मग थेट रिक्षा. हवामहल समोरून, आणि गाडी. बॅग त्यांच्याजवळच होती. दवाखान्याच्या फाटकाशी ते रिक्षा थांबवून उभे राहिले.

सुई घेतली आणि वॉर्डात गेले. डॉक्टरीण कोवळी पोर होती. वॉर्ड बायकांचा, त्यामुळे आज कुणाचा अडसर नव्हता. तिनं अगदी सहज म्हटलं, अम्मा, घूंघट ऊपर. धापूबाईनं ओढणी मागं टाकली. तीन दिवस मी ज्या बाईला हात धरून फिरवलं तिचं तोंड मला पहिल्यांदा दिसलं.

ती म्हातारी नव्हती. केस काळे, गाल भरलेले, हनुवटीवर गोंदण. माझ्याच वयाची, कदाचित एखाद्या वर्षानं लहानच. आणि मी तीन दिवस तिला अम्मा अम्मा करत होते.

पट्टी निघाली. डॉक्टरणीनं औषध टाकून डोळा पुसला आणि म्हणाली, धीरे से खोलो. पापणी थरथरली. डोळ्यातून पाणी आलं. डॉक्टरणीनं बोटं धरली, ती धापूबाईनं बरोबर सांगितली. मग ती डोळा हळूहळू फिरवत राहिली. खिडकी, पंखा, सलाइनचा दांडा, स्वतःच्या बांगड्या. माझ्यावरून डोळा दोनदा गेला आणि थांबला नाही. मला राग आला हो. इतकं केलं आणि ओळखसुद्धा नाही?

डॉक्टरीण माझ्याकडे बोट करून म्हणाली, इन्हें पहचाना? धापूबाईनं पाहिलं आणि तिलाच विचारलं, "या कुण छै?" ही कोण?

मी म्हटलं, "अगं बये, मी!"

आवाज वॉर्डभर घुमला. धापूबाई दचकली. तिनं मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं, माझ्या मागं कुणी मोठं माणूस उभं आहे का तेही वाकून पाहिलं. मग तोंडावर हात ठेवला.

"अतनी-सी?" ती म्हणाली. एवढीशी?

नर्स हसली, पलीकडच्या पलंगावरची हसली, मीही हसले आणि हसताना माझे डोळे कधी वाहायला लागले ते कळलं नाही. धापूबाईनं माझं मनगट ओढून डोळ्याजवळ नेलं, माकडाचा ओरखडा नीट बघितला, मग माझा पदर बोटांत धरून त्याचा काठ बघितला. हाच तो, स्टुलावर चढून धरलेला.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. विलासराव. बंद झाला, पुन्हा वाजला. मी धापूबाईला सांगितलं, संध्याकाळी तुझी गावची जीप येईल, नर्सला सगळं सांगून ठेवलंय, आता मला निघायला हवं, हवामहल राहिलाय. तिनं हात सोडला नाही.

"बैठ," ती म्हणाली. "देखबा दे."

बघू दे म्हणत होती. मी पलंगावर बसले.